ऑनलाइन डेटाबेस डिझाइन कसं शिकायचं? सातबाऱ्यापासून एसक्यूएलपर्यंत संपूर्ण माहिती

हडपसरच्या गाडीतळावर सकाळी उभे राहिलात तर मगरपट्टा सिटी, अमनोरा आणि फुरसुंगीच्या आयटी पार्ककडे जाणारी गर्दी दिसते. या गर्दीतले बरेच जण दिवसभर ज्या गोष्टीवर काम करतात ती म्हणजे डेटाबेस. बँकेचं ॲप, रेल्वेचं तिकीट, कॉलेजचा निकाल, सगळ्यांच्या मागे डेटाबेसच असतो. हे शिकायला महागडा क्लास लावावा लागतो असा अनेकांचा समज आहे. खरं तर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्सेस मोबाइलवर मोफत बघता येतात. फक्त नीट कसं शिकायचं ते माहीत हवं. चला, सविस्तर पाहूया.

डेटाबेस म्हणजे नेमकं काय?

डेटाबेस म्हणजे माहिती अशा शिस्तीत ठेवणं की ती पटकन सापडेल, चुकीची होणार नाही आणि एकाच वेळी अनेकांना वापरता येईल. तुमच्या फोनमध्येही डेटाबेस आहे. अँड्रॉइडमधले कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज 'एसक्यूलाइट' नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये साठवलेले असतात.

मग एक्सेल काय वाईट? समजा, एक ताई डबा पुरवतात आणि रोजच्या प्रत्येक डब्यासमोर ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर लिहितात. ग्राहकाने नंबर बदलला की शंभर ओळी बदलायच्या. त्यातली एक राहिली की कोणता नंबर खरा ते कळत नाही. एकच गोष्ट अनेक ठिकाणी लिहिली की अशी गडबड होतेच. ती टाळण्याची विद्या म्हणजे डेटाबेस डिझाइन.

ही विद्या एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या शोधनिबंधावर उभी आहे. आयबीएममध्ये काम करताना त्यांनी माहिती तक्त्यांच्या, म्हणजे टेबलच्या रूपात ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी टेबल बनवण्याआधी नातेसंबंधांचं चित्र काढण्याची पद्धत दिली. तिला ईआर डायग्राम म्हणतात. आजही प्रत्येक कोर्समध्ये हे दोन्ही शिकवतात.

सातबाऱ्यातून समजून घ्या डिझाइन

आज जिथे मगरपट्टा सिटी आहे, तिथे आधी शेती होती. शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून ती उभी केली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा वाटा ठरला. म्हणजे कुणाची किती जमीन, ही नोंद अचूक असणं किती महत्त्वाचं होतं ते लक्षात येईल. म्हणून आपण जमिनीचंच उदाहरण घेऊ.

एका गटात अनेक खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराची जमीन अनेक गटांत असू शकते. याला 'मेनी टू मेनी' नातं म्हणतात. नवीन मुलं इथे हमखास चूक करतात. ती गटाच्या टेबलमध्येच 'मालक १', 'मालक २', 'मालक ३' असे तीन कॉलम करतात.

आता समजा ८० आर जमीन असलेले वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. प्रत्येकाचा वाटा २० आर. पण कॉलम तीनच! चौथं नाव लिहायला जागाच नाही. नोंद करणारा मग कुणाला तरी गाळणार, आणि बहुतेक वेळा ते नाव लग्न होऊन गेलेल्या मुलीचं असणार. कायद्याने तिचा हक्क भावाइतकाच आहे, पण टेबलमध्ये तिला जागा नाही. डिझाइन चुकलं तर माणसाचा हक्क असा जाऊ शकतो.

बरोबर डिझाइनमध्ये तीन टेबल लागतात:

• गट: गट आयडी, गाव, गट नंबर, हिस्सा, एकूण क्षेत्र
• खातेदार: खातेदार आयडी, नाव, पत्ता
• धारणा: गट आयडी, खातेदार आयडी, क्षेत्र

वारस चार असोत की चौदा, 'धारणा'मध्ये तेवढ्या ओळी वाढतात. टेबल बदलावं लागत नाही.

आता गंमत बघा. एका गटाचे सगळे खातेदार शोधले की सातबाऱ्यातला मालकीचा भाग मिळतो. एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी शोधल्या की आठ-अ मिळतो. माहिती तीच, प्रश्न दोन. एसक्यूएल ही असे प्रश्न विचारायचीच भाषा आहे.

कोर्समध्ये येणारे महत्त्वाचे शब्द

• प्रायमरी की: प्रत्येक ओळीची पक्की ओळख. नाव चालत नाही, कारण एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतात. नुसता गट नंबरही चालत नाही, कारण तोच नंबर दुसऱ्या गावातही असतो.
• फॉरेन की: एका टेबलचा दुसऱ्याशी धागा. 'धारणा'मधला खातेदार आयडी 'खातेदार' टेबलमध्ये असलाच पाहिजे.
• नॉर्मलायझेशन: प्रत्येक गोष्ट तिच्या योग्य जागी, एकदाच लिहिणं. खातेदाराचा पत्ता 'धारणा'मध्ये लिहिला तर त्याच्या प्रत्येक गटासमोर तो पुन्हा पुन्हा येईल. तसंच आयएफएससी कोडवरून बँकेची शाखा कळतेच, मग शाखेचं नाव प्रत्येक खातेदारासमोर कशाला?
• ट्रान्झॅक्शन: काम पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही, अर्धवट राहणार नाही. फेरफार आठवा. तलाठ्याने नोंद घेतली, हरकतीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली, तेव्हाच नोंद पक्की. डेटाबेसमध्ये या पक्कं होण्याला 'कमिट' आणि रद्द होण्याला 'रोलबॅक' म्हणतात.

कोर्स कुठे करायचा?

१. एनपीटीईएल आणि स्वयम्: एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. केंद्र सरकारचं स्वयम् पोर्टल २०१७ मध्ये आलं. त्यावर प्रा. पार्थ प्रतिम दास यांचा आयआयटी खरगपूरचा डेटाबेसचा आठ आठवड्यांचा कोर्स चालत आला आहे. शिकणं मोफत आहे. सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. शेवटच्या गुणांत असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. दोन्हीत किमान गुण लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यापासून असाइनमेंट चुकवू नका.

२. आयआयटी मद्रासची ऑनलाइन पदवी: २०२० मध्ये सुरू झालेल्या या डेटा सायन्सच्या पदवी अभ्यासक्रमात डेटाबेस हा डिप्लोमा पातळीवरचा विषय आहे. इथे फी आहे आणि आधी पात्रता परीक्षा पार करावी लागते.

३. क्रेडिटचा फायदा: यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार कॉलेज एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्सेस स्वयम् वरून करू देऊ शकतं. पण हे तुमच्या कॉलेजने मान्य करायला हवं. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना विचारा.

पुस्तक हवं असेल तर सिल्बरशात्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' घ्या. यातले एस. सुदर्शन हे मुंबईच्या पवईतल्या आयआयटीचे प्राध्यापक. म्हणजे जगभर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या लेखकांपैकी एक आपल्याच राज्यात शिकवतात!

लॅपटॉप नाही, मोबाइलवर जमेल का?

सुरुवात नक्की जमेल. अँड्रॉइडवर 'टर्मक्स' ॲप घ्या आणि त्यात एसक्यूलाइट इन्स्टॉल करा. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात, पण टेबलमधली माहिती मराठीत भरता येते. ईआर डायग्राम मात्र वहीत पेन्सिलने काढा, ते मोबाइलपेक्षा सोपं पडतं. पुढे पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल शिकताना कॉलेजची लॅब वापरा.

आठ आठवड्यांचं वेळापत्रक

• आठवडा १ आणि २: ओळखीच्या एखाद्या दुकानाची किंवा मेसची वही बघून ईआर डायग्राम काढा.
• आठवडा ३ आणि ४: टेबल बनवा, माहिती भरा, 'सिलेक्ट' आणि 'जॉइन' शिका.
• आठवडा ५: नॉर्मलायझेशन. आपलंच पहिलं डिझाइन तपासून दुरुस्त करा.
• आठवडा ६: ट्रान्झॅक्शन आणि इंडेक्स.
• आठवडा ७ आणि ८: जुने प्रश्न सोडवा, प्रोजेक्ट पूर्ण करा.

या चुका टाळा

१. व्हिडिओ डबल स्पीडने बघून 'समजलं' म्हणणं. व्हिडिओ थांबवा, क्वेरी स्वतः लिहा, मग उत्तर बघा.
२. 'व्हेअर' न लिहिता 'डिलीट' चालवणं. टेबलमधल्या सगळ्या ओळी जातात. आधी त्याच अटीवर 'सिलेक्ट' चालवून बघा.
३. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा बंद असते. दर वेळी ती सुरू केली नाही तर चुकीची नोंदही गुपचूप स्वीकारली जाते.
४. मोबाइल नंबर किंवा पिनकोड आकडा म्हणून साठवणं. त्यांची बेरीज करायची नसते, म्हणून ते मजकूर म्हणून ठेवा.
५. पैसे 'फ्लोट' प्रकारच्या दशांशात ठेवणं. बारीक फरक पडतो. एसक्यूलाइटमध्ये पैशांचा हिशोब पूर्ण पैशांत ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सर्टिफिकेटवर नोकरी मिळते का?* नुसत्या सर्टिफिकेटवर नाही. मुलाखतीत 'हे टेबल वेगळं का केलं?' असं विचारतात. स्वतः केलेला एक छोटा प्रोजेक्ट असेल तरच त्याचं उत्तर देता येतं.

*कॉमर्स किंवा आर्ट्सवाल्यांना जमेल का?* हो. सुरुवातीला गणितापेक्षा नीट विचार करण्याची सवय जास्त लागते. रोजमेळ आणि खातेवही समजणाऱ्याला टेबल पटकन समजतात.

तर मित्रांनो, आजच एक वही घ्या आणि घरातल्या सातबाऱ्याचं, नाहीतर रेशन कार्डाचं डिझाइन कागदावर उतरवून बघा. उतरवून झालं की स्वतःला एकच प्रश्न विचारा: चौथ्या वारसाचं नाव यात कुठे लिहिता येईल? जागा सापडली तर तुमची सुरुवात बरोबर झाली.