आदितवारचं कूळ

दिल्लीत खरेदीला निघण्याआधी विचारून घ्यावं लागतं, आज कुठलं मार्केट बंद? करोल बाग आणि सरोजिनी नगर सोमवारी बंद, कॅनॉट प्लेस आणि चांदनी चौक रविवारी. १९५४ च्या दुकाने-आस्थापना कायद्याने आठवड्याला एक सुट्टी सक्तीची केली, पण वार भागाभागानं निराळा राहिला. दर्यागंजचा जुन्या पुस्तकांचा बाजार तर रविवारी दुकानांची शटरं खाली असत म्हणूनच त्यांच्यासमोरच्या फुटपाथवर फोफावला; २०१९ मध्ये त्याला तिथून उचलून महिला हाटात नेलं. तेव्हा सुट्टी ही एक गोष्ट, रविवार ही दुसरी. दोघांची गाठ कुणी मारली, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: इंग्रजांनी. ते ख्रिस्ती, त्यांच्या बायबलात आज्ञा आहे, म्हणून.

आज्ञा आहे, पण ती शनिवारची आहे. दहा आज्ञांतली ही आज्ञा बहुतेक प्रोटेस्टंट आणि यहुदी चौथी मोजतात, कॅथलिक तिसरी. शब्बाथ मात्र तिन्ही हिशेबांत सातवा दिवस. ती आज्ञा शब्दशः पाळणारे लोक आपल्या कोकणात होतेच की! रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. त्यांच्यातलेच इझिकेल इसाक मळेकर, जन्माने पुण्याचे. दिल्लीत हुमायून रोडवरच्या १९५६ सालच्या जुडा हायम सिनेगॉगमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं शब्बाथची प्रार्थना चालवली. ख्रिस्ती लोकांतही हा वाद मिटलेला नाही. पुण्याच्या स्पायसर विद्यापीठाचे अ‍ॅडव्हेंटिस्ट शनिवारच पाळतात आणि बाकीच्या चर्चना विचारतात, तुम्हाला दिवस बदलायला कुणी सांगितलं?

उत्तर असं देतात की ख्रिस्ताचं पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं, म्हणून पहिल्या पिढ्यांपासून उपासना त्या दिवशी. ठीक. पण उपासना म्हणजे सुट्टी नव्हे. त्या दिवशी काम बंद ठेवण्याचा हुकूम काढला रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने, ३२१ साली, आणि त्यात ख्रिस्ताचं नावच नाही. आहे तो ‘सूर्याचा पूज्य दिवस’. शेतकऱ्यांना त्यातून सूट होती, हेही मौजेचं. ग्रहांच्या नावांचे हेच सात वार आपल्याकडेही पश्चिमेकडूनच, ग्रीक ज्योतिषाबरोबर आले. मध्य प्रदेशात एरण इथल्या बुधगुप्ताच्या लेखात, इ. स. ४८४ मध्ये, तिथीसोबत गुरुवार कोरलेला आहे. नक्की तारखेसह वाराचा आपल्याकडचा जुन्यात जुना दाखला तोच. रोमचा सूर्यवार, दिल्लीचा इतवार आणि आपल्या खेड्यातला आदितवार ही एकाच घरातली भावंडं. चर्चचा रविवार आणि जेजुरीचा रविवार एकाच दिवशी पडतो हा योगायोग नाही. खंडोबाचं एक नाव मार्तंड, आणि मार्तंड म्हणजे सूर्य.

इथवरचं कुणी अभ्यासक सांगेलच. मला खरा धागा सापडला तो जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त. १८७३ च्या या पुस्तकात जोतीराव म्हणतात की बळीराजा आदितवार पवित्र मानी. पुरावा म्हणून दाखवतात की मांग, महार, कुणबी, माळी त्या दिवशी घरच्या देवाला आंघोळ घालून नैवेद्य दाखवल्याशिवाय पाणी पीत नाहीत. खंडोबा त्यांच्या लेखी बळीचा अधिकारी, नऊ खंडांचा न्यायी. आणि पुढे त्याच पुस्तकात ते येशू ख्रिस्तालाही एक बळीच ठरवतात! स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या माणसाने चर्चचा आणि जेजुरीचा रविवार असा एका अंगणात आणून ठेवला. इतिहास म्हणून हे टिकणार नाही, पण कल्पना म्हणून जबरदस्त.

आता पुढचा दुवा. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांतून निघालेल्या अर्जातली ठळक मागणी, दर रविवारी पुरती सुट्टी. १८८१ च्या कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या होत्या, पण फक्त मुलांना. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी पक्की झाली. रविवार खंडोबाचा वार, तो आम्हाला मोकळा हवा, असं लोखंड्यांनी मांडल्याचं सांगतात. काहींना ही निव्वळ युक्ती वाटते: साहेबाची कचेरी रविवारी बंदच असे, मग तोच वार मागणं सोपं. मँचेस्टरच्या मालकांना मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती होती, म्हणून कायदा आला, असंही म्हणतात. दोन्हीत तथ्य आहे. मात्र त्यांतून कायदा कसा झाला ते कळतं, मागणी कुठून उठली ते कळत नाही. माझा तर्क असा की ‘गुलामगिरी’ पचवलेल्या माणसाला रविवार साहेबाकडून उसना घ्यायची गरज नव्हती. तो बळीचा, म्हणजे आपलाच होता.

या तर्काला बायबलही साथ देतं. शब्बाथची आज्ञा त्यात दोनदा येते आणि कारणं वेगळी आहेत. ‘निर्गम’मध्ये देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. ‘अनुवाद’मध्ये मात्र तू मिसर देशात गुलाम होतास ते आठव, म्हणून, तुझ्या दासाला, दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, बैलालाही काम नको. चर्चमधल्या प्रवचनांत पहिलं कारण फार ऐकलं, दुसरं क्वचित. लोखंड्यांच्या अर्जातली विसाव्याची मागणी या दुसऱ्या कारणाच्या जातीची आहे.

राहता राहिला कायद्याचा मजकूर. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ५२ व्या कलमात रविवार हा शब्दच वापरला नाही. लिहिलं ते ‘आठवड्याचा पहिला दिवस’, म्हणजे शुभवर्तमानांत पुनरुत्थानाच्या सकाळसाठी आहे तसंच. आणि त्याच कलमात, आधीच्या वा नंतरच्या तीन दिवसांपैकी एका दिवशी बदली सुट्टी देऊन त्या दिवशी काम करून घेण्याची मालकाला मुभा होती. फरिदाबाद-मानेसरच्या कारखान्यांतली सुट्टी कुणाची गुरुवारी, कुणाची मंगळवारी पडली, ती या मुभेने.