परतीचें अर्धें तिकीट

वर्धा जिल्ह्यांतील देवळी हें गांव कापसाच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर्ध्यापासून सुमारें १८ किलोमीटरांवर तें वसलें आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळाहून निघून १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचला, आणि या भागांतील कापूस व माणसें वर्धा आणि पुलगांव या स्टेशनांवरून मुंबईकडे जाऊं लागलीं. देवळीस मात्र रूळ आले नाहींत. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं वर्धा-कळंब हा नवा मार्ग खुला झाला, तेव्हां कोठें देवळीच्या स्टेशनावर गाडी उभी राहूं लागली. तोंपर्यंत, दीड शतकाहून अधिक काळ, देवळीकराचा रेल्वेप्रवास हा आधीं बैलगाडीनें आणि पुढें मोटारीनें दुसऱ्या गांवीं जाऊन सुरू होत असे.

ज्या गांवाहून आगगाडी गाठावयास अर्धा दिवस खर्ची पडतो, तेथील मनुष्य तिकीट काढतांना हिशेबानें वागतो. जाण्यायेण्याचें तिकीट एकदम काढलें तर दोन निरनिराळ्या तिकिटांपेक्षां स्वस्त पडतें, हें त्यास लवकरच कळतें. आतां अशी कल्पना करावी कीं, देवळीचा एक व्यापारी परतीचें तिकीट काढून मुंबईस गेला. तेथें त्याचें काम लांबलें आणि तिकिटाची मुदत संपावयास एकच दिवस उरला. त्याच दिवशीं गांवाकडचा एक गरीब मनुष्य घरीं निघाला आहे, आणि त्याच्या गांठीं पुरते पैसे नाहींत. उरलेला अर्धा तुकडा व्यापाऱ्यानें त्याच्या हातीं ठेवला, तर त्यांत बिघडलें काय? पैसे भरलेले आहेत, गाडी जाणारच आहे, आणि एक मनुष्य घरीं पोहोंचणार आहे. व्यवहारी माणसास यांत पुण्यच दिसेल. कायद्यानें मात्र यास गुन्हा ठरविलें. असें कां झालें, हें समजण्यासाठीं तिकीट ही वस्तु मुळांत काय आहे तें पाहिलें पाहिजे.

आगगाडीच्या आरंभींच्या काळांत इंग्लंडांत तिकिटें हातानें लिहून देत असत. त्यांत वेळ जाई आणि कारकुनानें किती पैसे घेतले याचा पडताळा राहत नसे. लँकेस्टर येथील टॉमस एडमन्सन हा मूळचा लांकडी सामान बनविणारा कारागीर. धंदा बुडाल्यावर तो न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या एका लहान स्टेशनावर नोकरीस लागला. १८३७ च्या सुमारास त्यानें जाड पुठ्ठ्याचीं, अनुक्रमांक छापलेलीं लहान तिकिटें आणि त्यांवर तारीख उठविणारें यंत्र सिद्ध केलें. हींच तिकिटें पुढें हिंदुस्थानांतही शतकाहून अधिक काळ चाललीं. या पुठ्ठ्यावर क्रमांक, तारीख, वर्ग, भाडें आणि दोन स्टेशनांचीं नांवें असत; प्रवाशाचें नांव मात्र नसे. जें तिकीट ज्याच्या हातीं तें त्याचें, ही समजूत लोकांत रुजली ती यामुळेंच. तिकीट दिसण्यांत नोटेसारखें होतें. म्हणून नोटेप्रमाणें तें हस्तांतर करतां येईल असें लोकांस वाटलें.

परतीच्या तिकिटानें या समजुतीस धक्का दिला. रेल्वे परतीच्या प्रवासास सवलत देई, ती एकाच मनुष्यानें दोन्ही वेळां आपल्याच गाडीनें प्रवास करावा म्हणून. एकानें जावें आणि दुसऱ्यानें यावें अशी मुभा दिली, तर स्टेशनाबाहेर उरलेल्या तुकड्यांचा बाजार भरेल आणि पूर्ण भाडें कोणीच देणार नाहीं, हें उघड होतें. म्हणून १८९० च्या हिंदुस्थान रेल्वे कायद्यांत ११४ वें कलम घातलें गेलें. दुसऱ्यास प्रवास करतां यावा म्हणून परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग जो विकील किंवा नुसता हवालीं करील, त्यास ५० रुपयांपर्यंत दंड. विकत घेणाऱ्यासही तोच. आणि घेणाऱ्यानें त्यावर प्रवास केला अगर करूं पाहिला, तर त्या प्रवासाच्या एकेरी भाड्याइतका आणखी दंड. त्या काळीं ५० रुपये ही लहान रक्कम नव्हती. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, कायद्यानें विक्री आणि देणगी यांत भेद केला नाहीं. आमच्या कल्पनेंतील परोपकारी व्यापारी आणि तुकडे विकणारा दलाल, दोघेही एकाच कलमाखालीं आले.

हा प्रश्न केवळ हिंदुस्थानापुरता नव्हता. इंग्लंडांत १८७९ मध्यें असाच एक खटला वरिष्ठ न्यायालयापुढें आला. दुसऱ्याच्या नावें न चालणाऱ्या तिकिटाच्या परतीच्या भागावर एका इसमानें प्रवास केला होता. भाडें कोणी तरी भरलेलें होतें. पण त्यानें स्वतः भरलेलें नव्हतें, म्हणून भाडें न देतां प्रवास केल्याचा दोष त्याजवर आला. अमेरिकेंत तर उरलेल्या तिकिटांचा मोठाच धंदा उभा राहिला. तेथें लांबच्या प्रवासाचें तिकीट मैलामागें स्वस्त पडे. म्हणून मधल्याच शहरीं उतरणारा प्रवासी लांबचें तिकीट काढी आणि उरलेला भाग दलालास विकी. या दलालांस ‘स्कॅल्पर’ म्हणत. इलिनॉय संस्थानानें १८७५ मध्यें हा धंदा बंद करणारा कायदा केला, व तेथील वरिष्ठ न्यायालयानें १८९४ मध्यें तो उचलून धरला. उलट न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानें १८९८ मध्यें तशाच स्वरूपाचा कायदा, मनुष्याच्या धंदा करण्याच्या स्वातंत्र्यावर तो घाला घालतो म्हणून, रद्द ठरविला. एकाच देशांतील दोन न्यायालयांचें एकमत होऊं नये, यावरून प्रश्न किती अवघड होता हें दिसतें.

आपल्याकडे या प्रश्नास आणखी एक पदर होता. रेल्वे ही परक्यांची कंपनी. तिचे चार आणे बुडाले तर त्यांत पाप कसलें, असें म्हणणारे लोक होते आणि त्यांचा राग निराधार नव्हता. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची जी दैना होई, तिजविषयीं महात्मा गांधींनीं १९१७ मध्यें वृत्तपत्रांस सविस्तर लिहिलें होतें. परंतु कंपनीचा तोटा खरोखर कोणाच्या अंगावर पडत होता? १८४९ च्या करारान्वयें या कंपनीच्या भागीदारांस शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें दिली होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या महसुलांतून भरून द्यावयाची असे, आणि त्या महसुलाचा सर्वांत मोठा भाग जमीनमहसुलाचा होता. म्हणजे वर्ध्याच्या स्टेशनावर कंपनीस फसविल्याचें समाधान ज्यास वाटे, तो शेवटीं देवळीच्या शेतकऱ्याच्याच सारापट्टींत हात घालीत असे. लंडनच्या भागीदाराचें व्याज त्यास ठरल्याप्रमाणें पोहोंचतच होतें. १९०० मध्यें सरकारनें ही रेल्वे विकत घेतली आणि १९२५ मध्यें तिचा कारभारही स्वतःकडे घेतला. त्यानंतर तर तूट आणि खजिना यांच्यामध्यें कंपनीचा पडदाही उरला नाहीं.

गांधीजींचें या बाबतींतील वर्तन वर्धेकरांस विशेष बोधप्रद आहे. १९३६ पासून ते वर्ध्यानजीकच्या शेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामीं, राहूं लागले. रेल्वेच्या कारभारावर त्यांच्याइतकी कडक टीका फार थोड्यांनीं केली असेल. तथापि परक्यांचें राज्य म्हणून तिकीट चुकवावें, असा उपदेश त्यांनीं केला नाहीं. स्वातंत्र्य मिळाल्यावर पुढील कांहीं महिन्यांतच विनातिकीट प्रवासाविरुद्ध त्यांस प्रार्थनासभेंत बोलावें लागलें. आतां रेल्वे आपली झाली म्हणून पैसे कशास द्यावयाचे, ही पहिल्या समजुतीचीच दुसरी बाजू होती.

१९८९ मध्यें नवा रेल्वे कायदा झाला. या मधल्या काळांत तिकिटाचें स्वरूप पालटलें होतें. जागा राखून ठेवण्याची पद्धति सर्वत्र पसरली आणि बिननांवाच्या तिकिटावर प्रवाशाचें नांव आलें. त्यामुळें ज्याच्या नांवें तिकीट दिलें त्यानेंच तें वापरावें, असें ५३ व्या कलमानें सांगितलें. १४२ व्या कलमानें अधिकार नसतां कोणतेंही तिकीट विकणें हा गुन्हा ठरविला. आणि राखीव जागेचें तिकीट, परतीचा अर्धा भाग किंवा मुदतीचा पास दुसऱ्याच्या प्रवासासाठीं फुकट देणें हाही गुन्हा ठरविला. देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांचशें रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. घेणाऱ्यासही शिक्षा सांगून, तो प्रवासास निघाल्यास तिकीट जप्त करावें व त्यास विनातिकीट समजावें असें म्हटलें. परंतु राखीव नसलेलें साधें एकेरी तिकीट कोणी पैसे न घेतां दुसऱ्यास दिलें, तर त्याचा उल्लेख या कलमांत नाहीं. तिकिटांचा धंदाच मांडणाऱ्यासाठीं १४३ वें कलम असून त्याची शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत जाते. संगणकावरून काढलेल्या तिकिटांसही तें लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें दिला.

या बदलाचें कारण नीट पाहिलें पाहिजे. १८९० मध्यें उरलेल्या तुकड्यानें नुकसान होई तें सवलत देणाराचें. राखीव जागेच्या काळांत नुकसान होतें तें प्रतीक्षायादींतील मनुष्याचें. एकाचा प्रवास रद्द झाला कीं ती जागा यादींतील पहिल्या माणसाकडे जावयाची असते. ती परस्पर आपल्या ओळखीच्यास दिली, तर दान केल्यासारखें दिसतें. पण जें दान केलें तें दात्याचें नव्हतेंच. रांगेंत उभा असलेला, नांवानें अपरिचित असा कोणी प्रवासी त्या दानाची किंमत देतो. तो समोर दिसत नाहीं, म्हणून मन खात नाहीं, इतकेंच.

कायदा केवळ मनाई करून थांबला असता, तर तो अन्यायाचा झाला असता. कारण ज्यास विकूं देत नाहीं त्याचे पैसे अडकवूनही ठेवावयाचे, हें न्यायास धरून नाहीं. म्हणून तिकीट रद्द करून नियमाप्रमाणें पैसे परत मिळण्याची सोय कायद्यांतच आहे. तसेंच आईबाप, भाऊबहीण, मुलगा, मुलगी, पति किंवा पत्नी यांच्या नांवें राखीव तिकीट बदलून घेतां येतें; त्यासाठीं गाडी सुटण्यापूर्वीं चोवीस तास अर्ज करावा लागतो, आणि अशी सवलत एकदांच मिळते. २०१२ च्या अखेरीपासून सर्व राखीव वर्गांत ओळखपत्र दाखविणें आवश्यक झाल्यावर, दुसऱ्याच्या नांवावर मुकाट्यानें जाण्याची वाटही बरीचशी बंद झाली.

आतां त्या व्यापाऱ्याकडे पुन्हा वळावें. त्याच्या मनांतील दया खोटी नव्हती, आणि गरीब मनुष्याची निकडही खोटी नव्हती. चूक होती ती साधनांत. त्यानें खिशांतून एकेरी भाड्याचे पैसे काढून दिले असते, तर मदत झाली असती आणि ती खरोखर त्याच्याच पदरची झाली असती. उरलेला तुकडा देण्यांत त्याचें कांहींच जात नव्हतें. ज्याचें जात होतें त्यास कोणी विचारलें नव्हतें. देवळीच्या स्टेशनावर आतां गाडी येते. तिकीट खिडकीवर मिळो कीं हातांतील यंत्रावर, उरलेल्या तिकिटाचा प्रश्न तेथेंही उद्भवेल. आणि त्या वेळीं हें देणें नक्की कोणाच्या पदरचें, एवढा एकच विचार केला तरी निर्णय बहुधा चुकणार नाहीं.