यजमानपणाचे मोल

२०१२च्या ऑलिंपिकचे यजमानपद लंडनला ६ जुलै २००५ रोजी मिळाले, ते खेळ तळागाळात रुजविण्याचे वचन देऊन. खर्चाचा प्रारंभीचा अंदाज सुमारे २.४ अब्ज पौंड; मार्च २००७ मध्ये तो ९.३ अब्जांवर गेला. वाढीव खर्चासाठी सरकारने राष्ट्रीय लॉटरीच्या लोकोपयोगी निधीतून आणखी ६७.५ कोटी पौंड वळविले. १९९४ पासून याच निधीवर वस्तीतले क्लब, छोटी नाट्यमंडळे, जुन्या वास्तूंची डागडुजी चालत असे. त्यातील सुमारे ५.६ कोटींचा भार पडला 'स्पोर्ट इंग्लंड'वर, म्हणजे स्थानिक खेळ जोपासणाऱ्या संस्थेवरच! (कलामंडळाचा वाटा त्याहून मोठा होता, आम्हां साहित्याच्या शिक्षकांना हे अधिकच बोचते.) शेजारच्या चुलीतली लाकडे ओढून लग्नघरचा स्वयंपाक करावा, तसे हे झाले.

पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये शालेय क्रीडा-भागीदारीचे वर्षाकाठचे १६.२ कोटी बंद करण्याचा निर्णय आला. हा दोष थेट ऑलिंपिकचा नव्हे, काटकसरीचा, हे आम्ही मान्य करतो. परंतु पदकांच्या तयारीचा निधी त्याच काटकसरीत सांभाळला गेला. शाळाशाळांतून ओरड झाली, तेव्हा डिसेंबरात थोडी रक्कम परत मिळाली, तीही मुदतीपुरती.