बॅटरी संपली की राजकुमारी पुन्हा कैदेत

आता तुम्ही म्हणाल, पाणीटंचाई आणि नगरपालिकेची टेंडरं सोडून हा माणूस आज व्हिडिओ गेमवर कुठे घसरला? वाचा तर खरं. प्रश्न पोरखेळाचा नाही. आपली नोंद कुणाच्या ताब्यात असावी, हा आहे.

१९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा गेम आला. एका बैठकीत संपणारा नव्हता. म्हणून थांबताना गेममधला राजा तुम्हाला २० अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' द्यायचा. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की बसा बोंबलत. पुढच्या भागात तर हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला! पण गंमत बघा, तेव्हाची वही ज्याच्याकडे शिल्लक आहे, तो आजही तीच ताकद आणि तेच सोनं घेऊन खेळायला उभा राहू शकतो. कारण नोंद यंत्रात नव्हतीच, त्याच्या कपाटात होती.

१९८७ मध्ये 'झेल्डा' अमेरिकेत सोनेरी कॅसेटमध्ये आला, तो पोटात बॅटरी घेऊनच. नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल. यंत्र बंद केलं तरी हा सेल आतली मेमरी जागी ठेवायचा. सूचना मात्र कडक: आधी रीसेट दाबून धरा, मगच पॉवर बंद करा. कारण वीज जाता जाता प्रोसेसर भरकटतो आणि मेमरीत भलतंच काही लिहून ठेवतो. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. अर्थात आमच्या गावात नव्वदीत ज्या 'शेकडो गेम एकात'वाल्या नकली कॅसेट फिरायच्या, त्यांत बॅटरीबिटरी काही नसायची. लाइट गेली की काँट्रा पहिल्यापासून.

आता त्या जुन्या बॅटऱ्या एकेक करून मरतायत. १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'ची गत आणखी वाईट, कारण त्यांच्यात तोच सेल घड्याळही चालवतो. सेल पक्का जोडलेला असतो. तो उपसला की मेमरी पुसली. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी बॅकअप, मग सोल्डरिंग. कॅसेट वाचणारं छोटं यंत्र कॉम्प्युटरला जोडायचं, सेव्हची फाइल काढायची, सेल बदलायचा आणि फाइल परत आत टाकायची. पोकेमॉनची ही फाइल असते ३२ केबीची. व्हॉट्सॲपवरच्या एका 'शुभ सकाळ'च्या फोटोत अशा कितीतरी मावतील.

१९९४ च्या प्लेस्टेशनने हे दुखणंच संपवलं. मेमरी कार्ड वेगळं, १२८ केबीचं, १५ कप्प्यांचं, बॅटरीशिवाय चालणारं. यंत्राला कार्डाच्या दोन खाचा. या कार्डावरून त्या कार्डावर कॉपी करा, कुणाला विचारायला नको. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात लोकशाहीवादी शोध हाच.

आणि पुढे काय झालं? २०१७ मध्ये निन्टेन्डोचं स्विच आलं. त्यात सेव्ह यंत्राच्या आत बंद. मेमरी कार्ड घालता येतं, पण सेव्ह त्यावर जात नाही. दुसऱ्या यंत्रात हलवता येतो, पण हलवला की पहिल्यातून गेला. २०१८ च्या सप्टेंबरात क्लाउड बॅकअप आला, तोही वर्गणी भरणाऱ्यांनाच. त्यातून 'स्प्लाटून २'सारखे काही गेम वगळलेले. कंपनीचं म्हणणं, लोक जुना सेव्ह परत टाकून ऑनलाइन खेळात लबाडी करतील. ते अगदीच खोटं नाही. पण चार लबाडांसाठी बाकी सगळ्यांच्या वहीला कुलूप? खेळलो मी, तास माझे गेले आणि किल्ली तुमच्याकडे?

असो. कुणाच्या मामाने, आतेभावाने परदेशातून आणलेली जुनी पोकेमॉनची कॅसेट घरात पडली असेल, तर यंत्रात लावून बघा. सेव्ह अजून उघडत असेल, तर सेल बदलायला दुकानात देण्याआधी एवढंच विचारा: 'भाऊ, आधी फाइल काढून ठेवणार ना?' उत्तर द्यायला तो अडखळला, तर कॅसेट खिशात घाला आणि घरी या.