परळी-तेलगाव रस्त्यावरील पंख्याची हकीकत

परळी-वैजनाथहून सिरसाळ्यामार्गे तेलगावकडे जाणारा रस्ता बालाघाटाच्या पायथ्याने गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत उतरतो, आणि वाहन तापावे अशी सर्व सामग्री निसर्गाने व मनुष्याने त्याच्या अंगावर मुक्तहस्ताने पसरून ठेविलेली आहे. वैशाखात पारा ४२ अंशांपलीकडे जातो. गळीत हंगामात तेलगावच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागे तासन्‌तास रखडावे लागते. आणि परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची राख वाहणाऱ्या टिपरांची धूळ रेडिएटरच्या जाळीत बारीक पिठासारखी बसते. अशा वेळी सिरसाळ्याच्या बाजारपेठेत एखादी मोटार बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी राहते, आणि मिस्त्री आत डोकावून पहिला निवाडा देतो तो असा की, पंखाच फिरत नाही. हा निवाडा वरकरणी साधा दिसला तरी त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो जाणल्यावाचून पंखा का फिरत नाही याचा छडा लागणे मला कठीण वाटते.

हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. हैदराबाद संस्थानात सरकारी मोटारवाहतूक १९३२ साली सुरू झाली ती रेल्वेच्याच एका खात्यामार्फत, अवघ्या २७ मोटारींनिशी. आणि त्या काळात स्कॉटलंडात बांधलेल्या आल्बियन गाड्या संस्थानच्या रस्त्यांवर धावू लागल्या. त्या थंड हवेच्या देशातील यंत्रांना दख्खनच्या उन्हाची सवय नव्हती असे म्हणणे काव्यमय असले तरी पुरते खरे नव्हे. कारण यंत्राचे पाणी कोठेही उकळू शकते, फरक एवढाच की येथे ते लवकर उकळे, आणि उकळून गेलेले पाणी भरून काढण्यास येथे पाणी नसे. म्हणून मोटारीबरोबर पाण्याचा डबा बाळगणे, कडेला कॅनव्हासची चागळ टांगणे, आणि घाट चढून झाल्यावर गाडी उभी करून क्लीनरला जवळच्या विहिरीकडे पिटाळणे हा या व्यवसायाचा रिवाजच होऊन बसला. ओले पोते टाकून रेडिएटरचे झाकण हलकेच सैल करणे आणि वाफेचा जोर ओसरेपर्यंत तोंड दुसरीकडे फिरवून उभे राहणे, ही विद्या ज्याला साधली नाही त्याच्या हातावर भाजल्याचा डाग हमखास आढळे.

रेडिएटरच्या आजच्या घडणीचा पाया मात्र त्याहून जुना. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने १९०० च्या अखेरीस पहिल्या मर्सिडीजसाठी आठ हजारांहून अधिक बारीक चौकोनी नळ्यांची पोळ्यासारखी जाळी रचली आणि तिच्यामागे पंखा बसविला. त्यामुळे पूर्वी जेथे १८ लिटर पाणी लागे तेथे ९ लिटरांत काम भागू लागले. पुढे कित्येक दशके हा पंखा यंत्राच्याच फिरत्या दंडाला पट्ट्याने जोडलेला असे. आपल्याकडील अँबॅसिडर आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, या दोन्ही गाड्यांत हीच व्यवस्था होती. यंत्र फिरते तोवर पंखा फिरणारच, आणि न फिरला तर पट्टा तुटला किंवा सैल झाला, याखेरीज तिसरे कारण शोधण्याची सहसा गरज नसे. त्या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती व तिचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो: गाडी वेगात असताना वारा आपण होऊनच जाळीतून वाहतो तेव्हा हा पंखा जोराने फिरून यंत्राची शक्ती फुकट खाई, आणि गाडी रांगेत उभी राहून खरी गरज उत्पन्न झाली की यंत्राबरोबर तोही मंदावे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि सामान्य गृहस्थाच्या मोटारीतील ही जुनी जोडणी सुटली. त्या गाडीचे यंत्र आडवे बसविलेले असल्याने त्याच्या दंडाचे तोंड रेडिएटरकडे नसून चाकाकडे असते. तेथून पट्टा आणणे अवघड, म्हणून पंख्याला स्वतंत्र विजेची मोटार देण्यात आली. पुढे १९९८ अखेर आलेल्या पुण्याच्या इंडिकेतही हीच रचना राहिली. पंखा आता गरजेपुरताच फिरू लागला. परंतु त्याचबरोबर तो यंत्राचा नोकर न राहता हुकुमाचा ताबेदार झाला. पाण्यातील सेन्सर उष्णतेची वर्दी देतो. नव्या गाड्यांत ती वर्दी संगणकाच्या दप्तरी दाखल होते. तेथून सुटलेला हुकूम रिले तामील करतो. फ्यूज खजिन्यावर पहारा ठेवतो. आणि मग कोठे बॅटरीतील वीज पंख्याच्या मोटारीपर्यंत पोहोचते. ज्याने तहसील कचेरीत एखादा कागद हलविण्याचा यत्न केला आहे, त्याला पंखा बंद राहण्याची कारणे निराळी समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही.

म्हणून जाणता मिस्त्री चौकशी शेवटच्या टोकापासून आरंभितो. गाडीला वातानुकूलन असेल तर ते चालू करून पाहावे. पुष्कळ गाड्यांत त्यासरशी पंखा सुरू होणे अपेक्षित असते, आणि तो सुरू झाला तर पंख्याची मोटार शाबूत समजून संशय सेन्सरकडे वळवावा. न झाला तर पंख्याचा जोड सोडवून बॅटरीवरून थेट १२ व्होल्टची वीज द्यावी. तरीही तो मुका राहिला तर मोटारीतील कार्बन झिजले किंवा बुश जाम झाले असे समजावे. हलक्या ठोक्याने पाती फिरू लागली तर कार्बनांचे आयुष्य संपत आल्याचा तो जवळजवळ कबुलीजबाबच होय. मोटार चांगली निघाली तर फ्यूज पाहावा, त्याच जातीचा हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावून पाहावा, आणि जोडावर टेस्ट लॅम्प धरावा. वीज येते पण पंखा फिरत नाही, असे दिसल्यास अर्थच्या वायरीचा गंजलेला बोल्ट घासावा. शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या सापडतात हेही ध्यानी ठेवावे. या सर्व खटपटीत बोटे पात्यांपासून दूर असावीत, कारण कित्येक गाड्यांत यंत्र बंद असतानाही हा पंखा अकस्मात सुरू होतो.

सेन्सरची परीक्षा गाडीच्या वयानुसार बदलते. जुन्या दोन वायरींच्या स्विचमध्ये त्या वायरी एकमेकींस जोडल्या की पंखा फिरला पाहिजे. नव्या गाड्यांत सेन्सरचा जोड काढला की संगणक बहुधा धोका गृहीत धरून पंखा स्वतःच चालू करतो. परंतु सेन्सरला दोषी ठरविण्यापूर्वी पाण्याची पातळी पाहणे अगत्याचे आहे, आणि या भागात तर विशेषच. पाणी कमी झाले की सेन्सर पाण्याबाहेर पोकळीत लोंबतो; भोवतीची हवा व वाफ त्याला पाण्यासारखी आंच पोहोचवीत नाही, आणि यंत्र करपत असतानाही तो सर्व काही क्षेम असल्याची वर्दी देत राहतो. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेले असल्यास नळ्यांत व सेन्सरवर क्षारांचा थर बसतो तो वेगळाच. पाणी नसल्यास थंडावा नाही हा नियम केवळ मोटारींना लागू नाही: २०१५ साली गोदावरीचे पाणी आटले तेव्हा खुद्द परळीच्या विद्युत केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते.

यावर रस्त्याकडेच्या गॅरेजांनी एक तोड काढली आहे. सेन्सर व रिले यांना वगळून पंखा चावीवरच ‘डायरेक्ट’ करून देतात. चावी फिरविली की पंखा सुरू. शहरातले तज्ज्ञ याला अडाणीपणा म्हणून नाक मुरडतात, पण मला त्यात अँबॅसिडरच्या काळची मजबुती परत मिळविण्याचा समंजस प्रयत्न दिसतो, कारण मिस्त्री पंख्याला पुन्हा यंत्राच्याच पायी बांधून टाकतो. तेलगावहून धारूरचा घाट चढावयाचा असेल आणि सेन्सर मिळण्यास बीड गाठावे लागणार असेल, तर ती वेळ निभावण्यास हा उपाय वाजवी आहे. मात्र जाड वायर व फ्यूज घालूनच, नाहीतर वायर वितळून आगीला निमंत्रण मिळते. पण तो कायमचा केला तर पंख्याची मोटार अकाली झिजते, यंत्र आपल्या योग्य उष्णतेला उशिरा पोहोचते आणि इंधन जास्त जळते. म्हणून सेन्सर मिळताच तो बसवावा, यंत्र थंड असताना शुद्ध पाणी मिसळलेले कूलंट भरावे, बुडबुडे थांबेपर्यंत आतील हवा काढावी, मग झाकण घट्ट लावावे, आणि पंखा कोणीही न सांगता दोनदा सुरू होऊन दोनदा बंद पडेपर्यंत गाडी गॅरेजसमोर उभीच चालू ठेवावी.