दहा सेंटांचे दान

दान कोणाला द्यावे, कोठे द्यावे आणि केव्हा द्यावे, याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून झालेला आहे. दान सत्पात्री असावे, ही शिकवण तर आपल्या हाडीमांसी खिळलेली आहे. भुकेलेल्यापुढे ताट ठेवावे, वाटसरूसाठी पाणपोई घालावी, रुग्णाला औषध द्यावे. येथे घेणाऱ्याचा चेहरा देणाऱ्याला दिसतो आणि त्यावरचे समाधान हेच त्याचे फळ असते. परंतु रोगाच्या संशोधनासाठी जो पैसा देतो, त्याच्यासमोर असा चेहरा नसतो. ज्याच्यासाठी तो देतो, तो कदाचित अद्याप जन्मालाही आलेला नसतो. शिवाय त्या पैशातून काही निष्पन्न होईलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मग सामान्य माणसाने असे दान का करावे? श्रोतेहो, या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील बालपक्षाघाताच्या, म्हणजे पोलिओच्या इतिहासात सापडते.

१९२१ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांना वयाच्या ३९ व्या वर्षी पोलिओ झाल्याचे निदान झाले आणि त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९३४ पासून, त्यांच्या वाढदिवशी गावोगाव नृत्यसमारंभ भरवून या रोगासाठी निधी जमवण्यात येऊ लागला. १९३५ साली दोन निरनिराळ्या लशी मुलांना टोचून पाहण्यात आल्या. त्यांतील एकीला या निधीचे साहाय्य होते. दोन्ही प्रयत्न फसले. काही मुलांना लस टोचल्यानंतरच पोलिओ झाला आणि त्यांतील काही दगावली. दानाच्या या मार्गावरचा पहिला धडा असा कठोर होता.

तरीही लोकांनी हात आखडता घेतला नाही. १९३८ साली रूझवेल्ट यांनी पोलिओच्या निवारणासाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्याची धुरा आपले वकिलीतील जुने भागीदार बेसिल ओकॉनर यांच्याकडे सोपवली. त्याच जानेवारीत एडी कँटर या विनोदी नटाने रेडिओवरून आवाहन केले, की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा, थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावा. या मोहिमेला त्याने ‘मार्च ऑफ डाइम्स’ असे नाव दिले. थोड्याच दिवसांत टपालाच्या थैल्यांनी व्हाइट हाउस भरून गेले. पहिल्या मोहिमेत आलेली नाणी २६ लाखांहून अधिक भरली. थेंबे थेंबे तळे साचे, ही आपली म्हण तेथे अक्षरशः खरी ठरली. धनिकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कार्याला शाळकरी मुलांच्या नाण्यांनी लोककार्याचे रूप दिले.

या पैशाचा मोठा भाग रुग्णांच्या शुश्रूषेवर आणि श्वसनयंत्रांवर खर्च झाला. तो खर्च डोळ्यांना दिसत होता. उरलेला भाग प्रयोगशाळांत गेला, आणि तेथे वर्षानुवर्षे सांगण्यासारखे फारसे घडत नव्हते. या विषाणूचे प्रकार तीनच आहेत, एवढे निश्चित करण्यासाठीही अनेक प्रयोगशाळांना दीर्घकाळ खपावे लागले. १९४९ साली बॉस्टन येथे एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी मज्जापेशींवाचून इतर ऊतींतही हा विषाणू वाढवता येतो, हे दाखवले. यासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लस तयार करण्याची वाट या शोधाने मोकळी झाली. दरम्यान रोग थांबला नव्हता; १९५२ या एकाच वर्षी अमेरिकेत सुमारे ५८,००० लोकांना त्याने ग्रासले.

१९५४ साली जोनास साल्क यांच्या लशीची चाचणी सुमारे १८ लाख मुलांच्या सहभागाने झाली. तिचा भार सरकारने नव्हे, तर या प्रतिष्ठानाने उचलला. ज्यांनी नाणी दिली होती, त्यांतील कित्येकांनी आता आपली मुलेही पुढे केली. १२ एप्रिल १९५५ रोजी लस सुरक्षित व गुणकारी असल्याचे जाहीर झाले. पेटंट कोणाचे, असे विचारता साल्क यांनी ते लोकांचे आहे, या आशयाचे उत्तर दिले. त्यामागे कायद्याच्याही अडचणी होत्या, हे अभ्यासकांनी पुढे दाखवले आहे. परंतु ज्यांच्या पैशाने लस सिद्ध झाली त्यांचाच तिच्यावर पहिला हक्क, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

यशाचा हा दिवसही निष्कलंक राहिला नाही. त्याच महिन्यात एका उत्पादकाच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेल्याचे उघडकीस आले. सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला आणि १० जण मृत्युमुखी पडले. लसीकरण काही काळ थांबवावे लागले, तपासणीचे नियम कडक करण्यात आले आणि मग काम पुन्हा सुरू झाले.

याच प्रतिष्ठानाने अल्बर्ट सेबिन यांच्या संशोधनालाही साहाय्य दिले होते. त्यांनी तयार केलेली तोंडावाटे द्यावयाची लस म्हणजेच भारतातील घराघरांत ओळखीचे झालेले ते दोन थेंब. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा आपल्या देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आपल्याकडील हे यश येथील लक्षावधी कार्यकर्त्यांच्या श्रमाचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यांच्या हातातील कुपीत १९३८ सालच्या अनोळखी माणसांच्या नाण्यांचाही अंश होता.

संशोधनासाठी देणाऱ्याला, श्रोतेहो, दोन गोष्टी एकदम जमाव्या लागतात. पैशाचा चोख हिशेब त्याने मागावा. पण फळाची तारीख मागू नये. अपयश लपवले गेले तर त्याने जाब विचारावा. पण केवळ अपयश आले म्हणून पाठ फिरवू नये. १९३५ च्या आघातानंतर अमेरिकेतील माणसे थांबली असती, तर १९५५ उजाडले नसते. दानाचे पात्र येथे दिसत नाही, हे खरे. हावड्यातील, बिहारमधील वा मराठवाड्यातील जे मूल आज अंगणात धावत आहे, त्यालाही आपला दाता कोण, हे कधी कळणार नाही. तरीही ते पात्र होतेच.