तबकडीचा करार

अलीकडे पुष्कळ घरांतून माळ्यावर पडलेल्या काळ्या तबकड्या पुन्हां खालीं उतरूं लागल्या आहेत. अमेरिकेंत तर २०२० सालीं अशा तबकड्यांचें उत्पन्न, १९८६ नंतर प्रथमच, कॉम्पॅक्ट डिस्कच्या उत्पन्नाहून अधिक झालें. तबकड्या उतरल्या कीं टर्नटेबल येतें. आणि टर्नटेबल आलें कीं पहिल्याच संध्याकाळीं घरमालकास असा शोध लागतो कीं, तें घरच्या अँप्लिफायरला जोडलें असतां गाणें ऐकूं न येतां डांसाची गुणगुण ऐकूं येते. दुकानदार सांगतो, "साहेब, फोनो-प्रीअँप घ्यावा लागेल." ही लहानशी पेटी इतक्या तऱ्हेची व इतक्या निरनिराळ्या किंमतींची मिळते कीं मनुष्य गोंधळून जातो. आम्हीही गोंधळलों होतों. परंतु तिच्या इतिहासाकडे पाहिल्यावर आमचा गोंधळ बराच निवळला, आणि एका नव्या शंकेनें मात्र आम्हांस घेरलें. ती शंका शेवटीं सांगूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही पेटी केवळ आवाज मोठा करणारी नव्हे. तबकडीवर गाणें जसेंच्या तसें कोरलेलें नसतें. तें जाणूनबुजून बिघडवून कोरलेलें असतें. ज्या प्रमाणांत बिघडविलें त्याच प्रमाणांत तें सुधारून वाचणें, हें या पेटीचें मुख्य काम होय.

हा खटाटोप आरंभापासूनचा नाहीं. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा व बर्लिनरची सपाट तबकडी १८८७ ची. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन गोहरजान हिचें गाणें घेऊन गेला, तेव्हां गाणाऱ्यानें कर्ण्यांत तोंड घालून गावें आणि त्या श्वासाच्या जोरावरच सुईनें मेणांत रेघ ओढावी, एवढीच काय ती विद्या होती. त्यांत विजेचा संबंध नव्हता. खर्ज फारसा उमटतच नसे, त्यामुळें त्याची चिंता करण्याचें कारणही नव्हतें.

१९२५ सालीं वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत्-ध्वनिमुद्रणाची पद्धति प्रचारांत आली. तिच्या मुळाशीं मॅक्सफील्ड व हॅरिसन या दोघां अमेरिकन संशोधकांचें काम होतें. आतां मायक्रोफोन खर्जही टिपूं लागला आणि अडचण उभी राहिली. सुईचा वेग सर्व स्वरांना सारखाच ठेवला तर स्वर जितका खालचा तितका सुईचा झोका मोठा. दर सेकंदास १,००० कंपनांच्या स्वराला जेवढा झोका लागतो, त्याच्या वीसपट झोका ५० कंपनांच्या स्वराला लागेल. असा झोका कोरूं दिला तर एक खांच शेजारच्या खांचेंत शिरेल. आणि खांचा दूरदूर ठेवाव्या तर तीनचार मिनिटांचें गाणें दोन मिनिटांतच गुंडाळावें लागेल. म्हणून खर्ज कोरतांनाच दाबूं लागले. दुसऱ्या टोकाची अडचण निराळी. लाखेच्या तबकडींत भुकटी मिसळलेली असे, तिची खरखर नेमकी वरच्या कंपनांच्या प्रदेशांत येते. वरचीं कंपनें कोरतांना वाढवून ठेवलीं आणि वाजवितांना तितकींच उतरविलीं, तर त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. युक्ति नामी खरी. पण ती दोन पक्षांच्या संमतीवांचून चालत नाहीं. कोरणाऱ्यानें किती दाबलें नि किती वाढविलें, हें वाजविणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.

आणि नेमकें तेंच ठाऊक नसे. प्रत्येक कंपनीचा वक्र वेगळा. १९४८ च्या जून महिन्यांत कोलंबिया कंपनीनें न्यूयॉर्क येथें व्हिनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी पुढें आणली. दुसऱ्याच वर्षीं आरसीएनें ४५ फेऱ्यांची आणली. इंग्लंडांत डेक्काचा मार्ग आणखी तिसराच. शौकिनाच्या कपाटांत या साऱ्या तबकड्या एकत्र नांदत, आणि ज्याला त्या नीट ऐकावयाच्या असतील त्यानें तबकडी बदलली कीं कळही फिरवावी, असा प्रसंग आला. सॉल मरांझ या गृहस्थानें न्यूयॉर्कमधील आपल्या घरीं बनविलेली 'ऑडिओ कन्सोलेट' आणि इंग्लंडांतील 'क्वाड'चीं बटणांचीं नियंत्रक यंत्रें याच गोंधळाचीं अपत्यें होत. सुंदर यंत्रें तीं, यांत शंका नाहीं. परंतु सामान्य कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरीं येण्याजोगीं नव्हेत.

या घरांचें दार १९५४ सालच्या कराराने उघडलें. अमेरिकेंतील रेकॉर्ड-उत्पादकांच्या संघानें, म्हणजे आरआयएएनें, त्या वर्षीं एकच वक्र ठरविला, आणि कांहीं वर्षांत तो बहुतेक जगानें पत्करला. त्याचें सगळें गणित तीन आंकड्यांत मावतें: ३,१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. व्यवहाराच्या भाषेंत सांगावयाचें तर, १,००० कंपनांचा स्वर प्रमाण धरला असतां २० कंपनांचा खर्ज सुमारें एकदशांश करून कोरावयाचा आणि २०,००० कंपनांचा सूक्ष्म ध्वनि सुमारें दसपट करून. वाजवितांना याच्या बरोबर उलट. एकदां वक्र एकच ठरल्यावर कळांची गरज उरली नाहीं. चारदोन रोधक व धारक बरोबर निवडून बसविले म्हणजे काम भागलें. आज आपणांस ही पेटी बेताच्या किंमतींत मिळते, त्याचें मूळ आम्ही एखाद्या शोधांत न पाहतां या करारांत पाहतों.

येथें कोणी विचारील कीं, आमच्या लहानपणीं सूटकेसच्या आकाराचा रेकॉर्ड-प्लेअर घरोघर होता, त्याला अशी पेटी कोठें होती? नव्हती, आणि त्याचें कारण मोठें गमतीचें आहे. त्यांतील कार्ट्रिज स्फटिकाचें किंवा सिरॅमिकचें असे. चुंबकीय कार्ट्रिज सुईच्या वेगाप्रमाणें वीज देतें. स्फटिक झोक्याच्या लांबीप्रमाणें देतो. त्यामुळें दाबलेला खर्ज तेथें जवळजवळ आपोआप भरून निघे, आणि वीजही भरपूर मिळे. मात्र सुईचा भार जबर, तबकडीची झीज फार. शिवाय आरंभींचे स्फटिक रोशेल क्षाराचे असत, ते दमट हवेंत बिघडत. कोंकणांतील आषाढ-श्रावण त्यांना कसा मानवला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

करार झाला तरी तो सर्वांनीं नीट पाळला असें मात्र नव्हे. १९७९ सालीं कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टॅन्ली लिपशिट्झ यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून दाखवून दिलें कीं, बाजारांतील कित्येक नांवाजलेल्या यंत्रांचीं गणितेंच चुकलेलीं आहेत. त्यांनीं बिनचूक सूत्रें छापून सर्वांस मोकळीं करून दिलीं. त्याच सुमारास एनई५५३२ सारख्या, अत्यल्प खरखर करणाऱ्या व कवडीमोल किंमतीच्या चिप्स निघाल्या. म्हणजे बिनचूकपणा ही पैशाची बाब न राहतां हिशेबाची बाब झाली. पुढें कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळांत अँप्लिफायरांतून 'फोनो'ची जागाच काढून टाकण्यांत आली. म्हणून पूर्वी जें यंत्राच्या पोटांत असे, तें आज वेगळें विकत घ्यावें लागतें.

तेव्हां निवड कशी करावी? आमच्या मतें प्रथम आपलें कार्ट्रिज पाहावें. तें चालत्या चुंबकाचें असेल, आणि मध्यम वर्गाच्या घरांत बहुधा तेंच असतें, तर त्याची वीज सुमारें ५ मिलिव्होल्ट. तिला शंभरपट वाढ आणि ४७ किलोओहमचा भार लागतो. चालत्या वेटोळ्याच्या बहुतेक कार्ट्रिजांना याच्या दसपट वाढ लागते. त्यांसाठीं जादा खर्चाची पेटी उगीच घेऊन ठेवूं नये. नंतर माहितीपत्रकांत वक्रापासूनचा फरक पाहावा. तो अर्ध्या डेसिबेलच्या आंत असला कीं पुरे. कांहीं टर्नटेबलांच्या पोटांत ही पेटी आधींच बसविलेली असते. आमच्या एका स्नेह्यांनीं हें न पाहतां दुसरी आणली आणि दोन्ही एकापुढें एक जोडल्या. तबल्याच्या डग्ग्यानें घर दणाणलें, गायिका कोठें गेली तें कळेना. घरघर ऐकूं आली तर पेटीला दोष देण्यापूर्वी जमिनीची तार नीट लावली आहे ना, आणि पेटी ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला तर ठेवलेली नाहीं ना, तें पाहावें. ॲल्युमिनियमच्या जाड कवचासाठीं तिप्पट किंमत मागणाऱ्यास आम्ही नमस्कार करतों. ते पैसे नव्या सुईवर खर्चावे. झिजलेली सुई कोणतीच पेटी सुधारीत नाहीं.

आतां ती शंका. ही स्वस्त पेटी १९५४ चाच करार जाणते. त्यापूर्वीचें तिला कांहीं ठाऊक नाहीं. आपल्याकडील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा मोठा मोलाचा भाग मात्र त्यापूर्वीचा आहे. खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या ओडिअन कंपनीच्या तबकड्या १९३० नंतरच्या दशकांतल्या, आणि १९३७ सालीं खांसाहेब गेले. वरचीं कंपनें न वाढवितां कोरलेली त्या काळची तबकडी या पेटीवर लावली, तर पेटी इमानानें तीं कंपनें उतरविते: ५,००० कंपनांची पट्टी निम्म्याहूनही खालीं, १०,००० ची सुमारें एकपंचमांशावर. खरखर कमी होते म्हणून ऐकणारा खुष होतो. परंतु खरखरीबरोबर आवाजाची धार, शब्दांतील 'स' नि 'श', तंबोऱ्याची जवारी हींही जातात. खांसाहेबांचा गळा बारीक, टोंकदार. नेमकें तें टोंकच बोथट होतें. अशा ऐकण्यावरून जुन्या गवयांच्या आवाजाविषयीं आपण मतें बनवितों, वर्गांत सांगतों, लेखांतही लिहितों. आम्हीं स्वतः अशीं मतें लिहिलीं आहेत, आणि त्यांतील कांहीं आतां आम्हांस मागें घ्यावींशीं वाटतात.

वक्र बदलण्याची कळ असलेल्या पेट्या आजही मिळतात, परंतु त्या सामान्यतः महाग. आम्हीं जो उपाय योजिला तो असा. ७८ च्या रुंद खांचेसाठीं वेगळी जाड सुई घेतली, कारण लाँग-प्लेची सुई त्या खांचेच्या तळाशीं जाऊन घासते. पेटी साधीच ठेवली. आणि तबकडी संगणकावर उतरवून घेऊन १९५४ चा वक्र तेथें उलटा लावून काढून टाकला. मग जुन्या मुद्रणाला शोभेल असा, २५० ते ५०० कंपनांच्या खालीं तेवढा खर्ज भरून काढणारा दुसरा वक्र लावून पाहिला. खरखर पहिल्याहून बरीच वाढली. घरांतील मंडळींनीं कुरकुर केली. मात्र झिंझोटींतील वरच्या षड्जावर आवाज पोंचला तेव्हां स्वयंपाकघरांतून आमच्या पत्नीनें विचारलें, "ही दुसरी तबकडी का?"